पाव फेरा

"बाई, तुम्ही चाक तपासताय की दुरुस्त करताय?"

सुपरवायझरने हे विचारलं तेही जाता जाता, हातातल्या कागदांवरची नजर न हलवता, आणि मी 'तपासतेय' असं ठणकावून सांगायला तोंड उघडलंही होतं. मग माझं लक्ष माझ्याच उजव्या हाताकडे गेलं. मुठीत आऱ्यांची चावी होती, बोटाएवढी, कडेला खाच असलेली. सायकलच्या चाकाचा प्रत्येक आरा जिथे रिमला भेटतो तिथे एक चिमुकला नट असतो. चावी तशा एका नटावर बसलेली होती आणि तिचा पाव फेरा फिरून झालेला होता. मी फिरवला नव्हता. म्हणजे मीच फिरवला होता, दुसरं होतं कोण तिथे, पण कोणी शपथेवर विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, आणि शपथेवर खोटं बोलणारी बाई मी नाही. "हे बघा," सुपरवायझर थांबून म्हणाला, माणूस वाईट नाही, फक्त त्याला कायम उशीर झालेला असतो, "वीस पेट्यांतली एक पेटी तुम्ही उघडता. तिच्यातलं चाक सरळ निघालं तर बाकीच्या एकोणीस आपण न उघडता पास करतो. हातातलं तुम्हीच सरळ करून ठेवलंत तर त्या एकोणिसांना कोण हात लावणार?" एवढं बोलून तो गेला. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता. मी चाकाकडे बघत उभी राहिले आणि मला सतरा वर्षांपूर्वीची ती दहा चाकं आठवली.

मी कोण हे आधी सांगितलेलं बरं, नाहीतर गोडाऊनमध्ये खोकी उघडणारी एक पोक्त बाई एवढंच कुणालाही दिसायचं. मी बावीस वर्षं सायकलच्या कारखान्यात चाकांचा आऊट काढत होते. नवं गुंफलेलं चाक कधीच सरळ नसतं. फिरवलं की कुठे डावीकडे झुकतं, कुठे उजवीकडे, तो आऊट. तो काढायचा म्हणजे चाक ज्या बाजूला झुकतंय तिकडचे आरे सैल करायचे आणि पलीकडचे ताणायचे, तेही एकदम नाही, पाव पाव फेऱ्याने. छत्तीस आऱ्यांतल्या एकाला हात लावला की उरलेल्या पस्तिसांना कळतं, एकत्र कुटुंबात धाकट्या सुनेला काही बोललं की घरभर कळतं तसं. आमच्या विभागात आम्ही बेचाळीस जण हेच करायचो आणि आमचे मुकादम होते मामा. कुणाचे सख्खे मामा नव्हते, पण कारखान्याचा मॅनेजरसुद्धा त्यांना मामाच म्हणायचा. मी कामाला लागले तेव्हा पहिले सहा महिने त्यांनी माझ्या हातात चावी दिली नाही. नुसते आरे बोटाने छेडायचे आणि कुठला सैल, कुठला ताठ ते कानाने सांगायचं. मी चिडायचे. "मी काय गाणं शिकायला आलेय का?" असं एकदा बोललेही. "गाणं सोपं असतं," मामा म्हणाले, "चुकलं तर कुणी रस्त्यावर पडत नाही." सहा महिन्यांनी त्यांनी चावी दिली, आणि त्यानंतर कामाच्या वेळात ती माझ्या मुठीतून सुटली नाही. चहाचा कप मी डाव्या हाताने धरायचे, नाक डाव्या हाताने पुसायचे. लोक मला चावीबाई म्हणू लागले आणि मला ते आवडायचं. आमची चाकं कधी परत आली नाहीत. परत आली ती माणसं, दहा दहा वर्षांनी, 'तसलंच दुसरं द्या' म्हणत. हे मी फुशारकीने सांगतेय असं कुणाला वाटलं तर खुशाल वाटू दे.

मग त्या वर्षी बाहेरच्या मालावरची जकात उतरली. म्हणजे वर्तमानपत्रात ती वर्षभर उतरतच होती, पण आमच्या विभागात ती एका सोमवारी उतरली, तपकिरी कागदात गुंडाळलेल्या दहा चाकांच्या रूपाने. परदेशातली एक कंपनी तयार चाकं द्यायला बसली होती, आमच्यापेक्षा निम्म्या भावात. मॅनेजरने मामांना बोलावून सरळ सांगितलं: ही नमुन्याची चाकं तपासा. आपल्यापेक्षा वाईट निघाली तर विभाग राहील, बरोबरीची निघाली तर मला वरच्यांना उत्तर द्यायला तोंड नाही. मामांनी तपासायला माझं नाव दिलं. त्या संध्याकाळी युनियनचा सेक्रेटरी माझ्या घरी आला, पाणीसुद्धा न पिता म्हणाला, "दहातली चार तरी पाड." मी म्हटलं, "वाकडी असली तर दहाही पाडीन. सरळ असली तर एकही नाही." "बेचाळीस घरं आहेत, बाई." "मग ती काय खोट्यावर उभी करायची?" तो तसाच निघून गेला. चाळिशीत होते मी तेव्हा, तोंड भलतंच तिखट होतं. पण नंतरच्या सतरा वर्षांत मला कुठे कमीपणा घ्यावा लागला, कुणी रस्त्यात ओळख दाखवली नाही, एका जुन्या मैत्रिणीने मुलीच्या लग्नाला बोलावलं नाही, तेव्हा तेव्हा मी ते वाक्य मनात काढून बघायचे. नोकरी गेली, पगार गेला, हे एक वाक्य माझं माझ्याकडे राहिलं. चाक खोटं बोलत नाही आणि मीही बोलले नाही.

तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. ती मला लख्ख आठवते असं मी आजवर समजत होते. खिडकीखालचा स्टँड, मामा डाव्या हाताला उभे, मागे मॅनेजर आणि त्याचा एक माणूस. मी एकेक चाक चढवत होते, फिरवत होते, रिमजवळ नख धरून ऐकत होते. पहिलं चाक चढवलं तेव्हा नखाला काहीतरी लागलं होतं. टक्, आणि पुढच्या फेरीला पुन्हा टक्. ते मी विसरले कशी? आणि मग लागायचं थांबलं. कशाने थांबलं? चाक काही मनाने सरळ होत नाही. आज गोडाऊनमध्ये उभ्या उभ्या मी त्या सकाळच्या माझ्या उजव्या हाताला शोधत होते. सगळं दिसत होतं, खिडकीवरची धूळ, मामांच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण, आणि स्वतःचा उजवा हात काही केल्या दिसेना. मग तो दिसला, वेगळ्याच ठिकाणी. तपासून झाल्यावर मी नळावर हात धुवायला गेले होते आणि तळव्यावर चावीचा लालसर वळ होता. नुसती मुठीत धरून वळ उठत नाही. जोर लावल्यावर उठतो. दहाही चाकांना मी जोर लावला होता. मामा हातभर अंतरावर होते, त्यांनी पाहिलं नाही. मॅनेजरने पाहिलं नाही. मी चावी फिरवतेय हे त्या खोलीत कुणाच्या डोळ्यांत भरणार होतं? मी श्वास घेतेय हे तरी कुणाच्या भरलं होतं? हात धुऊन आले आणि ताठ मानेने म्हटलं, "यात काढण्यासारखं काही नाही." खरंच नव्हतं. मी काढून ठेवलं होतं.

पुढचं मी न बोललेलं बरं, पण बोलावं लागेल. तिसऱ्या दिवशी ती चाकं यंत्रावर मोजली गेली. आमच्या विभागाचा सरासरी आऊट जेवढा होता त्याच्या निम्माही त्यांचा भरला नाही. बेचाळीस हातांची सरासरी एकीकडे आणि एकट्या चावीबाईची दहा चाकं दुसरीकडे, दुसरं काय होणार होतं. मामांनी तो कागद वाचला, आम्हा सगळ्यांना बोलावलं आणि टोपी काढून म्हणाले, "मी आज माझ्यापेक्षा चांगलं काम पाहिलं." एवढंच म्हणाले. चार महिन्यांत विभाग बंद झाला. निम्मे लोक तयार कपड्यांच्या कारखान्याच्या दारात गेले, तिथून तेव्हा परदेशात माल जायला लागला होता आणि रोज भरती होती, पण त्यांना वीस वर्षांच्या मुली हव्या होत्या. काहींना मिळालं काम, नाही असं नाही. एकजण टेम्पो चालवू लागला, एकीने डबे सुरू केले, सेक्रेटरी विमा विकू लागला आणि आमच्यात एकट्यानेच स्वतःची मोटार घेतली. मामा एका कचेरीच्या इमारतीत लिफ्टमन झाले. गंमत म्हणजे नंतर जी चाकं पेट्या भरभरून आली ती वेडीवाकडी होती. दुकानदार ओरडले. 'नमुना एक, माल दुसरा' असं म्हणत सगळ्यांनी त्या परदेशी कंपनीला सतरा वर्षं शिव्या घातल्या, मीही घातल्या, आज गोडाऊनमध्ये तिचीच खोकी उघडते तरीही. मामांनी मात्र घातल्या नाहीत. ते म्हणायचे, "मनात आणलं तर त्यांना येतं, हे नमुन्यात दिसलं ना. आपल्याला मनात आणूनही तेवढं जमत नव्हतं." सायकलला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. शेजारचं कुणी वाकडं चाक घेऊन आलं तर त्याला कोपऱ्यावरच्या दुकानाचा पत्ता देतात, आणि हे मला मामींनी सांगितलंय, पत्ता देऊन झाल्यावर आत येऊन हात धुतात, चाकाला लावलेले नसले तरी.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं म्हणतात ते माझ्यासारखीलाच म्हणत असतील. मला लाज वाटली. खोट्या साक्षीने बेचाळीस घरं वाचवायला मी नाही म्हटलं होतं आणि खऱ्या साक्षीने ती बुडवली होती, आणि ती साक्ष खरीही नव्हती. पण एक गोष्ट लपवणार नाही. लाजेच्या आधी, अगदी आधी, छातीत दुसरंच काहीतरी वर आलं होतं आणि ते मला दाबता येईना. ते परदेशातले आमच्यापेक्षा चांगले नव्हते. कधीच नव्हते. त्या कागदावरचे आकडे आमच्या घरचे होते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ मला त्या गोडाऊनमध्ये, खोक्यांच्या मधे, स्पष्ट जाणवला आणि मी सुपरवायझरच्या टेबलाकडे चालत गेले. त्याला म्हटलं, न उघडलेल्या पेटीतलं एक चाक मला रात्रीपुरतं हवंय, सकाळी परत आणते. त्याने कारण विचारलं नाही, घड्याळ पाहिलं आणि कागदावर सही घेतली. मी चावी त्याच्या टेबलावर ठेवली. "ही राहू दे तुमच्याकडे," मी म्हटलं, "माझा माझ्यावर भरवसा नाही." तो हसला, त्याला वाटलं मी चेष्टा करतेय.

बसमध्ये चाक मांडीवर उभं धरून बसले होते तेव्हा लेकीचा फोन आला. लेक माल सोडवणाऱ्या कंपनीत आहे. बाहेरून जहाजाने येणाऱ्या मालाचे कागद ती करते, चांगला पगार आहे, तिच्याच पगारावर घराला रंग लागला. ज्या दारातून माझी नोकरी गेली त्याच दारातून तिची आत आली, हे मी तिला एकदा म्हटलं होतं आणि ती दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. तिला सगळं सांगितलं. ती मन लावून ऐकते, तो तिचा गुण आहे. मग म्हणाली, "अगं आई, तू उगीच मनाला लावून घेतेस. तुझ्या दहा चाकांनी काही झालं नाही. जकात उतरली होती, निम्म्या भावात माल दारात उभा होता. ती चाकं वाकडी निघाली असती तर त्यांनी दुसरे नमुने मागवले असते. फार तर सहा महिने लांबलं असतं." मी म्हटलं, "सहा महिने बेचाळीस पगार." ती म्हणाली, "तेही खरंच. पण विभाग बंद झालाच असता." तिचं बरोबर असेल. तिचं बहुतेक बरोबरच असतं, आणि मला त्याचा राग येतो. माझी नोकरी गेली तेव्हा ती माझ्यामुळे गेली नाही, जगात असंच चाललंय, असं सगळ्यांनी समजावलं. आता चूक सापडली तर तीही माझी नाही म्हणतात. बाईमाणसाच्या पदरात निदान तिची चूक तरी राहू द्यावी. "तू मामांकडे जाऊ नकोस," लेक म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाला आता कशाला. त्यांनी विचारलं, तू तेव्हाच का नाही पाहिलंस, तर काय सांगशील?" मी चाक दुसऱ्या मांडीवर घेतलं. पण मामा सतरा वर्षं एका खोट्या कागदापुढे मान खाली घालून बसलेत, आणि ते खोटं आहे हे आज जगात मला एकटीला ठाऊक आहे, हे तिला कसं सांगणार. मी म्हटलं, "स्टॉप आला," आणि फोन ठेवला. अजून चार स्टॉप होते.

मामा तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही. दिवसभर लोकांना वर नेणारा माणूस संध्याकाळी बासष्ट पायऱ्या चढतो, हा विनोद ते स्वतःच करतात. मी चाक घेऊन दारात उभी राहिले तेव्हा ते नुकतेच आलेले होते, गणवेशाचा सदरा खुंटीवर होता. चाक बघताच त्यांचा चेहरा उतरला. "कोपऱ्यावर दुकान आहे," ते म्हणाले. "दुकानात नाही जायचंय. तुम्ही बघा." "माझं काय काम." मामींनी मला बसायला सांगितलं, मी बसले नाही. मी चाकाचा आस दोन्ही हातांनी दोन्ही टोकांना पकडला आणि चाक त्यांच्यासमोर धरलं. दोन्ही हात गुंतलेले असलेले बरे होते. "एकदा फिरवा, मामा. मग मी जाते." ते काही वेळ उठले नाहीत. मग उठले, माझ्यासाठी नव्हे, समोर चाक धरलेलं असताना बसून राहणं त्यांना जमेना. बोटाने चाक फिरवलं आणि रिमजवळ अंगठ्याचं नख धरलं. नख चाकाला लागलं तेव्हा आवाज स्वच्छ आला. त्यांनी तीन फेऱ्या ऐकल्या. मग चाक थांबवून एकेक आरा छेडला, छत्तीसही.

"पाच सैल आहेत," ते म्हणाले. "दोन जागी आऊट आहे, एका जागी रिमच उठलंय. शिकाऊ माणसाने केलं असतं तर मी त्याला परत नुसते आरे छेडायला बसवलं असतं. कुठलं आहे?"

"त्यांचंच. आज पेटीतून काढलं. कुणी हात लावलेला नाही."

"माल असाच पाठवतात ते. नमुन्याचं वेगळं असतं."

"नमुन्याचंही असंच होतं, मामा."

ते माझ्याकडे बघू लागले. मी सांगितलं. चाक हातात तसंच धरून सांगितलं, सुपरवायझर काय म्हणाला, पहिल्या चाकाला नखाला काय लागलं होतं, नळावर तळव्यावर काय दिसलं. मधे थांबले नाही, थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं. मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. माझं झालं तेव्हा मामा खुर्चीत बसले आणि त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"बेचाळीस घरं," ते म्हणाले.

"हो."

"मी शेजारी उभा होतो. मला दिसलं नाही." मला वाटलं आता ते जा म्हणतील, आणि त्यांनी म्हटलं असतं तर मी गेले असते, पुन्हा त्या पायऱ्या चढले नसते. मामांचे ओठ हलत होते. ते कसला तरी हिशेब करत आहेत असं मला वाटलं आणि मी घाबरले, माणसांचा करत असतील, कोण कोण कुठे गेलं त्याचा.

"वेळ किती लागला होता?" त्यांनी विचारलं.

"कशाला?"

"त्या दहा चाकांना. मॅनेजर आला तेव्हा नऊ वाजले होते आणि तू हात धुवायला गेलीस तेव्हा साडेनऊ, बरोबर? अर्धा तास."

"अर्धा तास असेल."

"दहा चाकं, अर्ध्या तासात. आणि अशी," त्यांनी माझ्या हातातल्या चाकाकडे बोट केलं, "अशी वाकडी. तीन मिनिटांना एक." ते खुर्चीत सरळ झाले. "मला पाच लागायची. माझ्या भरातल्या दिवसांत पाच. आणि यंत्रावर अर्ध्या मिलिमीटरच्या आत भरली ती, दहाही, मी कागद स्वतः वाचलाय. आणि हिला कळलंही नाही." शेवटचं वाक्य ते मामींना म्हणाले. डोळे भरले होते, ते त्यांनी पुसले नाहीत. मी त्यांना इतकं ताठ बसलेलं कारखान्यानंतर पाहिलं नव्हतं.

"बाकीच्यांना सांगावं लागेल," मी म्हटलं.

"सांग. सगळ्यांना सांग. काहीजण तुला शिव्या देतील, त्या खा. पण कागदासकट सांग, आकडे मला पाठ आहेत." मग त्यांनी मामींना जवळ बोलावलं. मामी हात पुसत आल्या. "ही बघ," मामा म्हणाले, "सतरा वर्षं मी ज्या कामापुढे मान खाली घातली ना, ते हिचं होतं." मामींनी माझ्याकडे, मग चाकाकडे पाहिलं. मामा माझ्याकडे वळले.

"आणि शिकवलं कुणी होतं?" त्यांनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं, पण मामी ऐकत होत्या.

"तुम्ही," मी म्हटलं.